जखम लिहिणारे चाहते

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा 'द एम्पाथ' हा भाग 6 डिसेंबर 1968 रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. कॅप्टन कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांना दोन परग्रहवासी जमिनीखालच्या एका काळोख्या जागेत पकडून ठेवतात आणि त्यांचा छळ करतात. कर्कला मनगटं बांधून टांगलं जातं. मॅकॉय मरणाच्या दारात पोचतो. त्यांच्यासोबत एक मुकी तरुणी असते, जेम. तिने जखमी माणसाला हात लावला, की त्याची जखम तिच्या अंगावर उमटते आणि मग हळूहळू विरून जाते. दुसऱ्यासाठी ती किती सोसायला तयार होते, हे पाहण्यासाठीच हा सगळा छळ मांडलेला असतो.

बीबीसीने हा भाग ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकापर्यंत दाखवला नाही. छळ, क्रौर्य, वेड अशा गोष्टी मुलं पाहत असलेल्या मालिकेत नकोत, असं तिचं म्हणणं होतं. त्या धोरणाविषयी पुढे बोलायचं आहेच. त्याआधी सांगायला हवं, की या भागाची पटकथा जॉइस मस्कॅट नावाच्या मुलीची होती. निर्मात्यांनी ती मागवलेली नव्हती. मालिका पाहून, त्या माणसांवर जीव जडून तिने ती आपणहून लिहिली आणि पाठवून दिली. अशा न मागता आलेल्या फार थोड्या संहिता त्या मालिकेने घेतल्या, त्यांतली ही एक. एका प्रेक्षक मुलीला आपल्या आवडत्या पात्रांविषयी काही लिहावंसं वाटलं, आणि तिने काय लिहिलं? त्यांना जखमा होतात, आणि कोणीतरी त्या जखमांवर हात ठेवतं. पुढच्या अर्धशतकात जगभरच्या चाहत्यांनी जी अक्षरशः लाखो पानं लिहिली, त्यांतल्या फार मोठ्या भागाचा गाभा हाच आहे.

चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथा, काढलेली चित्रं, जुळवलेले व्हिडिओ आणि त्यांत दिसणारी उघडी, तपशीलवार हिंसा हा या पुस्तकाचा विषय आहे. या निर्मितीला फॅनफिक्शन, फॅनआर्ट म्हणतात आणि ती करणाऱ्यांच्या गोतावळ्याला फॅन्डम. मराठी घरांतली मुलंमुली या जगात बरीच वर्षं वावरत आहेत. पुण्या-ठाण्यात आहेत, न्यू जर्सीतही आहेत. वाचतात आणि लिहितात ती बहुतेक इंग्रजीत, रात्री, फोनवर. घरातल्या मोठ्यांना त्याचा पत्ता लागतो तो बहुधा एखाद्या भयंकर परिच्छेदावर अचानक नजर पडल्यावर.

मुलांच्या वाचनाचं काम करताना मला भेटलेल्या एका नववीतल्या मुलीच्या बाबतीत असंच झालं. तिच्या वहीत एक इंग्रजी कथा सापडली. तीत एका तरुणाला तळघरात डांबून मारलेलं होतं, बरगड्या मोडल्या होत्या, आणि हे सगळं बारकाईने लिहिलेलं होतं. शाळेने पालकांना बोलावून घेतलं. मुलगी हिंसक विचारांची होते आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. कथेची पुढची अकरा पानं कोणी उलटली नाहीत. त्या पानांत त्या तरुणाचा मित्र त्याला उचलून घरी आणतो, कपडे कापून काढतो, गरम पाण्याने जखमा धुतो आणि रात्रभर उशाशी बसतो. मुलीने जिथे सगळ्यात जास्त जीव ओतला होता, तो भाग न वाचताच निकाल लागला होता. मला या पुस्तकाची निकड तिथे कळली.

'स्टार ट्रेक'वरचं 'स्पॉकनालिया' हे पहिलं चाहत्यांचं नियतकालिक 1967 मध्ये निघालं. सायक्लोस्टाइलवर छापायचं, पोस्टाने पाठवायचं किंवा संमेलनात विकायचं, असा तो काळ. लिहिणाऱ्यांत बायका बहुसंख्य होत्या. कोणी ग्रंथपाल, कोणी शिक्षिका, कोणी घर सांभाळणारी. 1980 च्या दशकात कमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने त्यांच्यात वावरून, त्यांच्या बैठकांना बसून जे पाहिलं, ते 1992 मध्ये 'एंटरप्रायझिंग विमेन' या पुस्तकात मांडलं. तिला आधी वाटलं होतं, की या बायका बाहेरच्यांपासून लपवतात ते दोन पुरुषांमधल्या प्रेमाचं लेखन. पुढे लक्षात आलं, की त्याहून खोल लपवलेली गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे नायकाला जखमी करणाऱ्या आणि मग कोणीतरी त्याची सेवाशुश्रूषा करणाऱ्या कथा. त्यांना 'हर्ट-कम्फर्ट' म्हणत. आजची मुलं ज्याला 'व्हम्प' म्हणतात, तो त्याच कुळातला प्रकार. आपल्याला दुःख वाचायला आवडतं, असं कबूल करायला या बायकांना संकोच वाटे. ते आवडणं म्हणजे क्रौर्य, असा आरोप होईल ही भीती. त्या नववीतल्या मुलीवर तोच आरोप झाला.

आवडत्या माणसाला इतकं दुखवायचं कशाला? याचं उत्तर मला मूळ मालिकांतच दिसतं. दर आठवड्याला मार खाणारा दूरचित्रवाणीवरचा नायक पुढच्या आठवड्यात ठणठणीत असतो. भाग पाऊण तासात आटपायचा असतो, पुढच्या भागात नवं संकट आणायचं असतं. दुखण्याला तिथे वेळ नसतो. 'सुपरनॅचरल' ही मालिका 2005 ते 2020 अशी पंधरा पर्वं चालली. तिच्या चौथ्या पर्वात डीन हा नायक नरकातून परत येतो. पृथ्वीवर चार महिने गेलेले असतात. त्याने मात्र तिथे चाळीस वर्षं काढलेली असतात. तीस वर्षं स्वतः छळ सोसलेला, आणि तो असह्य झाल्यावर दहा वर्षं दुसऱ्यांचा छळ केलेला. एवढी प्रचंड गोष्ट मालिका काही संवादांत सांगते आणि राक्षसांच्या मागे लागते. चाहत्यांनी मात्र ती चाळीस वर्षं सोडली नाहीत. त्यांनी लिहिलेला डीन रात्री दचकून उठतो. धाकट्या भावाने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरतो. हे लिहायचं तर नरकात काय झालं ते वाचकाला ठाऊक हवं, आणि कधी कधी ते बारकाव्यांसह ठाऊक हवं.

माझं मत असं, की यातलं बरंचसं लेखन मूळ कलाकृतीपेक्षा हिंसेशी जास्त प्रामाणिक असतं. मार बसला तर दुखतं, बरं व्हायला दिवस लागतात, काही जखमा बऱ्या होतच नाहीत, एवढं तरी ते मान्य करतं. राजामौलींचा 'आरआरआर' 2022 मध्ये आला. त्यात राम भीमला चाबकाने फोडून काढतो. भीम गातो, आणि त्याचं रक्त गर्दीपर्यंत वाहत येतं. पडद्यावर तो प्रसंग महाकाव्याच्या थाटाचा आहे आणि पाहताना अंगावर काटा येतो. पण ज्याच्या हातात चाबूक होता, त्या मित्राची ती रात्र कशी गेली असेल? पाठीची सालपटं निघालेला माणूस कोठडीत कसा निजला असेल? चित्रपटाला पुढे जायचं असतं. या दोन प्रश्नांवर चाहत्यांनी कथा लिहिल्या, आणि त्यांत भारतीय मुलंमुलीही आहेत.

आपल्याकडे हे नवं नाही. भासाच्या नावावर असलेली नाटकं त्रिवेंद्रमहून टी. गणपतिशास्त्री यांनी 1912 पासून प्रसिद्ध केली. त्यांत 'ऊरुभंग' हे एकांकी नाटक आहे. युद्ध, मरण, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, दुसऱ्याच्या तोंडून कळवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक. भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध या नाटकातही सैनिकांच्या तोंडूनच कळतं. पण मग मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत रंगभूमीवर येतो आणि शेवटी प्रेक्षकांसमोरच मरतो. आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला चाचपडत शोधत येतात. लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला अडवावं लागतं. महाभारतात हा प्रसंग नाही. व्यासांच्या कथेतला पराभूत खलनायक कोणा नाटककाराला सोडवला नाही. मांड्या मोडल्या म्हणजे नेमकं काय मोडलं, हे त्याला मुलाच्या बसण्यातून दाखवावंसं वाटलं. फॅनफिक्शन हे पाश्चात्त्य थेर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 'ऊरुभंग' काढून वाचावं. भास चाहता होता, असं मला सुचवायचं नाही. दुसऱ्याच्या कथेतल्या जखमेपाशी थांबून राहण्याची ओढ किती जुनी आहे, ते दाखवायचं आहे.

सगळ्याच हिंसक फॅनकथा या जातीच्या नसतात, हेही इथेच सांगितलं पाहिजे. 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' ही लहान मुलांची कार्टून मालिका 2010 मध्ये सुरू झाली. मैत्रीचे धडे देणाऱ्या गोंडस रंगीत घोड्या. मोठ्या वयाच्या चाहत्यांचा मोठा वर्ग तिला मिळाला आणि त्यांच्यातून 'कपकेक्स' नावाची एक कथा निघाली. तीत मालिकेतली हसरी, गोडाधोडाची आवड असलेली पिंकी पाय आपल्या मैत्रिणीला तळघरात बांधून तिचे तुकडे करते. त्या कथेत सांत्वन नाही, सुटका नाही, मैत्रिणीच्या दुःखाविषयी कणव नाही. गोड आणि बीभत्स यांची टक्कर घडवून वाचकाला हादरवणं एवढाच तिचा हेतू. ती प्रचंड पसरली. तिच्यावरून चित्रफिती निघाल्या, त्या चित्रफिती पाहताना लोकांचे चेहरे कसे होतात याचेही व्हिडिओ निघाले. मला ही कथा आवडत नाही. तिच्यात क्रौर्याची मजा आहे, आणि ती मजा मला परकी वाटते. पण ती कोणी लिहूच नये, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तिचा दुवा काहीही न सांगता लहान मुलांपर्यंत पोचत राहिला. इंद्रधनुषी घोडीचं चित्र पाहून आठ-दहा वर्षांच्या मुलाने त्यावर बोट टेकवलं, यात त्या मुलाची काय चूक?

तेव्हा लिहिणाऱ्याने काय लिहावं, यापेक्षा वाचणाऱ्याला आधी काय कळावं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते फॅन्डमने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट याच प्रश्नाच्या उत्तरातून आली आहे. कथेच्या माथ्यावर आत काय आहे ते लिहायचं. वाचायचं की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ही पद्धत कुठल्या सरकारने किंवा कंपनीने बसवलेली नाही. फुकट लिहिणाऱ्या बायकांनी ती वर्षानुवर्षं ठेचा खात बसवली.

छापील नियतकालिकांच्या काळात प्रौढांसाठीचा अंक हवा असेल, तर वयाविषयी सही करून लिहून द्यावं लागे. 1981 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या अधिकृत चाहतेमंडळाने नियतकालिकं काढणाऱ्यांना कडक पत्रं पाठवली. त्यांचा राग उघड शृंगारावर होता. ज्या चित्रपटात एक अख्खा ग्रह माणसांसकट उडवला जातो, त्याच्या रखवालदारांना हिंसेची फारशी चिंता नव्हती. इंटरनेट आल्यावर 1998 मध्ये 'फॅनफिक्शन डॉट नेट' सुरू झालं. 2002 मध्ये त्याने प्रौढ वर्गातल्या कथांना बंदी केली. पुढे 2012 मध्ये त्याच नियमाची आठवण करून देत पुन्हा साफसफाई झाली. शरीरसंबंधांचं किंवा हिंसेचं तपशीलवार वर्णन इथे चालणार नाही, असं त्या स्थळाने स्पष्ट केलं. वर्षानुवर्षं लिहिलेल्या कथा एका रात्रीत गेल्या. अनेकींनी प्रतही ठेवलेली नव्हती.

सगळ्यात मोठा घाव 2007 च्या मे महिन्याअखेर बसला. चाहत्यांची बरीच वस्ती तेव्हा 'लाइव्हजर्नल'वर होती. एका गटाच्या तक्रारींवरून तिथली सुमारे पाचशे खाती एकदम बंद करण्यात आली. निकष होता खात्याच्या माहितीत लिहिलेले आवडीचे विषय. बलात्कार, बालशोषण असे शब्द दिसले की खातं बंद. त्यात कथालेखिकांची खाती गेली, नाबोकोव्हच्या 'लोलिता'वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गट गेला, आणि लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांनी एकमेकींना आधार देण्यासाठी काढलेले गटही गेले. कंपनीने नंतर माफी मागितली, बरीच खाती परत दिली. पण अत्याचार करणारा, अत्याचाराविषयी कथा लिहिणारी आणि अत्याचार सोसून त्याविषयी बोलणारी, या तिघांना शब्दांची यादी एकच समजते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. हिंसेवर सरसकट बंदी मागणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट समजून घ्यावा, म्हणून मी पुस्तकात त्याला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

आपलं लेखन आपल्याच मालकीच्या जागेत हवं, अशी चर्चा त्याच वर्षी चालू होती. तीतून 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. कादंबरीकार नाओमी नोविक संस्थापकांपैकी एक. संस्थेचं ग्रंथभांडार, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', नोव्हेंबर 2009 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर, काम स्वयंसेवकांचं. आज तिथे एक कोटीहून अधिक कृती आहेत. भाषांच्या यादीत मराठीही आहे.

तिथली पद्धत तपशिलात पाहण्यासारखी आहे. कथा चढवताना लेखिकेला वयोगट आणि सूचना या दोन चौकटी भराव्याच लागतात. वयोगट सर्वांसाठी, किशोरवयापासून, प्रौढ, उघड प्रौढ, किंवा ठरवलेला नाही. सूचनांत चार गोष्टींची नावं घेतली आहेत. उघड हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक प्रसंग. यांतलं काही नसेल तर तसं सांगायचं. काही असलं तरी आधी सांगायचं नसेल, तर 'लेखिकेने सूचना न देण्याचं ठरवलं आहे' हा पर्याय निवडायचा, म्हणजे वाचकाने स्वतःच्या जबाबदारीवर आत शिरायचं. याखेरीज मोकळे टॅग असतात. रक्त, छळ, हाडं मोडणं, शस्त्रक्रिया, डोळ्यांना इजा, दुःस्वप्नं, अंती सांत्वन. एकीने 'डोळ्यांना इजा' लिहिलं आणि दुसरीने तेच जरा वेगळ्या शब्दांत, तर दोन्ही एकाच ठिकाणी सापडावेत म्हणून स्वयंसेवक हे टॅग हाताने जुळवत बसतात. ज्या वाचकाला डोळ्यांच्या इजेचं वर्णन सोसत नाही, तो तेवढाच टॅग वगळून बाकीच्या सगळ्या कथा मागवू शकतो. फार टोकाच्या कथांवर 'डेड डव्ह: डू नॉट ईट' असा टॅग असतो. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' या विनोदी मालिकेत फ्रिजमधल्या पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. पिशवी उघडणाऱ्याला आत खरोखरच मेलेला पारवा मिळतो. टॅगचा मथितार्थ असा, की वर लिहिलंय तेच आत आहे, नंतर तक्रार करू नका.

भारत सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी ओटीटीवरच्या मालिकांना वयोगट आणि आशयाची सूचना लावणं बंधनकारक केलं. 7, 13, 16 असे वयाचे टप्पे आले, हिंसा किंवा शिवीगाळ असल्यास आधी लिहिणं आलं. चाहत्यांनी हे काम स्वतःवर बारा वर्षं आधीच लादून घेतलं होतं, आणि कितीतरी बारकाईने. 2019 मध्ये डब्लिनला या ग्रंथभांडाराला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना नोविक यांनी सभागृहातल्या सगळ्या सहभागी लोकांना उभं राहायला सांगितलं.

या व्यवस्थेत मला दोन उणिवा दिसतात. प्रौढ वर्गातली कथा उघडताना एक सूचना येते आणि 'पुढे जा' असं बटण दाबलं की कथा उघडते. वाचायला खातं लागत नाही, वयाची खात्री कोणी करत नाही. बारा वर्षांचं मूल ते बटण दाबणारच. ग्रंथभांडार म्हणतं, की ते काम घरच्यांचं. आणि प्रत्येक वाचकाकडून ओळखपत्र मागायचं तर टोपणनावाआड सुरक्षित राहणाऱ्या हजारो लेखिका उघड्या पडतील. हे दुसरं कारण मला पटतं. पण मग घरच्यांना या जागेची, तिच्या टॅगांची ओळख कोणीतरी करून द्यायला हवी. मराठीत ती झालेली नाही. दुसरी उणीव 'उघड' या शब्दाच्या मापाची. किती रक्त म्हणजे उघड हिंसा, हे लेखिकेने ठरवायचं असतं, आणि पंधरा वर्षांच्या लेखिकेचं माप चाळिशीतल्या वाचकाच्या मापाशी जुळेलच असं नाही. यावर मला उपाय सापडलेला नाही. पुस्तकातही तो मिळणार नाही.

सूचनेची चौकट नसली किंवा तिच्यावर खोटं लिहिलं, की काय होतं, ते 2017 मध्ये दिसलं. 'फ्रोझन'मधली एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग यांची रूपं घेतलेले हजारो व्हिडिओ यूट्यूबवर लहान मुलांपुढे येत होते. वरून बालगीतासारखे; आत इंजेक्शनं, रक्त, पळवापळवी, पुरलेली माणसं. त्यांना 'एल्सागेट' असं नाव पडलं. त्या नोव्हेंबरात जेम्स ब्रायडल या लेखकाच्या निबंधाने आणि वृत्तपत्रांतल्या बातम्यांनी आवाज उठवला, तेव्हा यूट्यूबने वाहिन्या बंद केल्या आणि व्हिडिओ काढले. या व्हिडिओंची गणना चाहत्यांच्या कृतींत अनेकदा होते. ती मला मान्य नाही. त्यांत पात्रांविषयी काही ममता नव्हती. जाहिरातींच्या पैशासाठी मुलांच्या ओळखीचे चेहरे वापरले होते, आणि पुढचा व्हिडिओ कोणता लावायचा हे यंत्र ठरवत होतं. त्याच पात्रांवर याहून रक्ताळ कथा ग्रंथभांडारात असतील, पण तिथे त्या दोन वर्षांच्या मुलापुढे आपोआप येऊन उभ्या राहत नाहीत.

स्लेंडरमॅनची गोष्ट याहून अवघड आहे. जून 2009 मध्ये एरिक नुडसन याने एका स्पर्धेसाठी दोन कृष्णधवल छायाचित्रांत फेरफार केले. खेळणाऱ्या मुलांच्या मागे एक उंच, चेहरा नसलेला, काळ्या सुटातला माणूस त्याने उभा केला. खाली दोन-चार ओळी लिहिल्या, जुन्या कागदपत्रांतून उचलल्यासारख्या. लोकांनी ते पात्र उचलून धरलं. कथा आल्या, 'मार्बल हॉर्नेट्स' ही व्हिडिओ मालिका आली, 2012 मध्ये खेळ आला. लेखक एक नव्हता, हजार होते. 31 मे 2014 रोजी विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वर्गमैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूचे एकोणीस वार केले. असं केलं की आपण स्लेंडरमॅनच्या सेवक होऊ, नाहीतर तो आपल्या घरच्यांना मारेल, असं त्यांना वाटत होतं. जखमी मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली आणि वाचली. न्यायालयाने पुढे दोघींनाही मनोरुग्णालयात धाडलं.

दोन मुलींच्या मनाचा आजार हे या घटनेचं मोठं कारण होतं. एका पात्रावर खापर फोडून मोकळं होणं त्यांच्यावरही अन्याय करणारं आहे. तरीही या प्रकारच्या लेखनातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. क्रीपीपास्ता नावाच्या या भयकथा खऱ्या असल्याच्या आविर्भावात लिहिल्या जातात. जुनं छायाचित्र, पोलिसांचा अहवाल, हरवलेल्या मुलाची वही. 'ही कल्पित कथा आहे' ही सूचना लावली की त्यांची गंमतच जाते, म्हणून ती लावायची नाही असा संकेत. व्हम्पकथेची लेखिका माथ्यावर टॅगांची रांग लावून वाचकाला सांगते, की हे मी रचलं आहे. इथे नेमकं तेच पुसलेलं असतं. मोठ्या माणसाला हा खेळ कळतो. बारा वर्षांच्या, आजारी मुलीला तो कळेलच, असं धरून चालणं चूक होतं. त्या घटनेनंतर क्रीपीपास्ताच्या मोठ्या संग्रहांच्या चालकांनी इथलं सगळं कल्पित आहे, असं जाहीर केलं. त्याच चाहत्यांनी जखमी मुलीसाठी चोवीस तासांचं प्रक्षेपण करून पैसेही जमवले.

आता एक उलट उदाहरण. 'स्टीव्हन युनिव्हर्स' ही रिबेका शुगर यांची कार्टून मालिका 2013 मध्ये आली. तिचा नायक शत्रूलाही समजून घेऊ पाहणारा मुलगा. इतकी मायाळू मालिका त्या काळात दुसरी दाखवणं कठीण. 2015 मध्ये तिच्याच चाहत्यांनी एका तरुण चित्रकर्तीचा पिच्छा पुरवला. तिने पात्रांची चित्रं चुकीची काढली, एकीला उगीच बारीक केलं, असे आक्षेप होते. महिनोन्महिने तिला धमक्या आणि मरून जा असे निरोप येत राहिले. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, आणि मालिकेच्या निर्मितीतल्या लोकांना पुढे येऊन चाहत्यांना आवरावं लागलं. तिच्या चित्रांत रक्ताचा थेंब नव्हता.

हिंसा शोधायला आपण कथेची पानं उलटतो. माणसाला इजा झाली ती निरोपांच्या पेटीत. नोव्हेंबर 2021 मध्ये विश्वचषकातल्या पराभवानंतर विराट कोहलीच्या तान्ह्या मुलीला बलात्काराची धमकी आली आणि मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एकाला अटक केली. ती धमकी कुठल्या कथेत नव्हती, आणि तिला कोणी कलेच्या नावाखाली सूटही मागितली नव्हती. चाहत्यांच्या जगातल्या हिंसेविषयी बोलताना आपण कल्पित शरीरावरचे वार मोजतो आणि जित्या माणसावरचे सोडून देतो. मला सर्वांत जास्त राग याचा येतो, आणि पुस्तकाचा मोठा भाग म्हणूनच या दुसऱ्या हिंसेला दिला आहे. झुंडीने कुणाला धरणं, घरचा पत्ता उघड करणं, पात्रांची नावडती जोडी रंगवणाऱ्या मुलीला गुन्हेगार ठरवणं, आणि हे सगळं पुन्हा 'मुलांच्या रक्षणा'च्या भाषेत करणं. हिंसक कथा लिहिणाऱ्यांच्या गटांत एकमेकींशी वागण्याचे नियम बरेचदा फार काटेकोर असतात. तिथे कोणाला काय सोसत नाही, हे विचारण्याची सवय लागलेली असते.

मराठीत अजून फॅनफिक्शनची मोठी वस्ती नाही. प्रतिलिपी या ऑनलाइन मंचावर मराठी भयकथा, रहस्यकथा भरपूर आहेत आणि त्यांतल्या कित्येकींत छळाची वर्णनंही आहेत. पण दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिण्याचा रिवाज तुटपुंजा आहे. टॅगांची शिस्त आपल्याकडे रुळलेली नाही, कारण तिची गरज ज्या भांडणांतून कळते ती भांडणंच अजून व्हायची आहेत. ती होतील. पाच-दहा वर्षांत मराठी मुलं त्यांच्या लाडक्या मालिकांवर, चित्रपटांवर मराठीतून असंच लिहू लागतील. त्यांनी आधीच्या लोकांच्या ठेचा पुन्हा खाऊ नयेत, अशी माझी फार इच्छा आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिली चार प्रकरणं छापील नियतकालिकांपासून आजच्या ग्रंथभांडारापर्यंतचा इतिहास सांगतात. मधला भाग जखमेच्या लेखनाचा आहे. तो लिहिणाऱ्या मुलींशी झालेल्या संभाषणांवर आधारलेला आहे आणि त्यांची नावं, गावं बदललेली आहेत. त्यानंतरचा भाग जित्या माणसांवरच्या हिंसेचा आहे. पालक आणि शिक्षकांसाठीचं प्रकरण वेगळं काढलं आहे. मुलाची वही किंवा फोन हातात आला, तर ओरडण्याआधी कथा शेवटपर्यंत कशी वाचावी, टॅग कसे लावायचे आणि कसे वगळायचे, कोणत्या खुणा काळजीच्या आणि कोणत्या नाहीत, हे तिथे आहे. वर्णनांच्या बाबतीत मी हात आखडता घेतलेला नाही. जे आहे ते दाखवल्याशिवाय त्यावर बोलता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आत काय येणार ते लिहिलं आहे. सहाव्या प्रकरणात छळाची आणि अंगविच्छेदनाची वर्णनं आहेत, नवव्यात आत्महत्येचा प्रयत्न आणि लहान मुलीवरचा हल्ला. ही दोन प्रकरणं गाळून पुस्तक वाचलं, तरी बाकीचं समजायला अडचण येणार नाही.